पेशीपटलातली प्रथिनं आणि अमायलॉइड: आमच्या जैवभौतिकी प्रयोगशाळेला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण तीन प्रकारची माणसं विचारतात: प्रकल्पासाठी किंवा पीएचडीसाठी येऊ पाहणारे विद्यार्थी, शेजारच्या विषयांतले संशोधक, आणि घरात अल्झायमर किंवा पार्किन्सनचा रुग्ण असलेले लोक. रुग्णांच्या नातेवाइकांसाठीचा भाग शेवटाकडे आहे. घाई असेल तर आधी तो वाचा.

तुम्ही नेमकं काय करता?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. बहुतेक साखळ्या ठरावीक घडी पडल्यावरच कामाच्या होतात. ही घडी कशी पडते, कशानं बिघडते, आणि बिघडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून तंतू कसे तयार होतात, याचा आम्ही अभ्यास करतो. त्यासाठी प्रकाश, विद्युतप्रवाह, चुंबकीय क्षेत्र, इलेक्ट्रॉनांचा झोत अशी भौतिकशास्त्राची साधनं वापरतो. प्रयोगशाळेत दोन गट आहेत. एक पेशीपटलात रुतून बसलेल्या प्रथिनांवर काम करतो आणि दुसरा अमायलॉइडवर, म्हणजे या तंतूंवर. दोन्ही गटांची साप्ताहिक बैठक मात्र एकत्रच होते. त्याचं कारण पुढे येईल.

पेशीपटलातली प्रथिनं हाताळणं एवढं अवघड का?

कारण ती पाण्यात राहायला तयार नसतात आणि आपली जवळपास सगळी तंत्रं पाण्यातल्या द्रावणासाठी घडलेली आहेत.

पेशीपटल म्हणजे मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर. त्याचा आतला, पाण्याला थारा न देणारा भाग साधारण ३ नॅनोमीटर जाडीचा असतो. तेवढं अंतर आरपार कापायला प्रथिनाच्या सर्पिल भागाला सुमारे २० अमिनो आम्लं लागतात, आणि ती बहुतेक पाणी टाळणारी असावी लागतात. असं प्रथिन पेशीपटलातून उपसून नुसत्या पाण्यात टाकलं, तर हे उघडे पडलेले भाग एकमेकांना धरतात आणि नळीच्या तळाशी पांढरा गाळ बसतो.

म्हणून डिटर्जंट वापरावा लागतो. त्याचे रेणू प्रथिनाच्या कमरेभोवती पट्टा बांधतात आणि ते विरघळलेलं राहतं. पण तोच डिटर्जंट जास्त कडक निघाला तर घडी मोडतो, आणि कमी पडला तर प्रथिन खाली बसतं. कोणतं प्रथिन कोणत्या डिटर्जंटमध्ये टिकेल याचं सूत्र नाही. आमच्याकडे नव्या प्रथिनासाठी सुरुवात बहुधा डीडीएम या डिटर्जंटपासून होते, कारण तो त्यातल्या त्यात मवाळ. नमुना शुद्ध करताना आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या स्तंभातून सोडतात आणि पडद्यावर आलेख उमटत जातो. अगदी सुरुवातीला, व्हॉइडच्या जागी (जिथे सर्वांत मोठे पुंज आधी बाहेर पडतात) उंच शिखर आलं, तर प्रथिन एकमेकांत गुंतलेलं आहे. नंतर, अपेक्षित जागी, दोन्ही बाजूंना सारखं उतरणारं एकच शिखर आलं, तर पुढच्या प्रयोगांना नमुना मिळाला. नव्या विद्यार्थ्याला आम्ही सगळ्यात आधी हा आलेख वाचायला शिकवतो. कारण शिखर खराब असताना पुढे रेटलेले सगळे प्रयोग खराबच निघतात.

त्यात हाती येणारं प्रथिन कमी. अनेकदा एक लिटर जिवाणू वाढवूनही मिलिग्रॅमभरसुद्धा मिळत नाही. इतिहासातही ही अडचण दिसते. मायोग्लोबिनची त्रिमितीय रचना १९५८ मध्ये दिसली होती. पेशीपटलातल्या प्रथिनाची अणूंच्या पातळीवरची पहिली रचना यायला १९८५ उजाडलं. ते जिवाणूंमधलं प्रकाशसंश्लेषणाचं केंद्र होतं आणि त्यासाठी डायझेनहोफर, ह्यूबर आणि मिशेल यांना १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

पेशीच्या आत-बाहेर जे काही जातं, त्यातलं बहुतेक याच प्रथिनांच्या हातून जातं. सजीवांच्या जनुकांपैकी साधारण पाव हिस्सा पेशीपटलातल्या प्रथिनांचा असतो आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी निम्म्याहून जास्त औषधं त्यांच्यावरच काम करतात. पोटॅशियम चॅनेलचंच बघा. सेकंदाला कोट्यवधी पोटॅशियम आयन त्यातून पार होतात, पण त्यांच्यापेक्षा लहान असलेला सोडियमचा आयन मात्र अडवला जातो. हे कसं जमतं याचं उत्तर रॉडरिक मॅकिनन यांच्या १९९८ च्या रचनेतून मिळालं. चॅनेलच्या अरुंद भागातले ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमला पाण्याइतकाच आधार देतात. सोडियम लहान असल्यामुळे तो त्या अणूंपर्यंत नीट पोचत नाही, आणि पाणी सोडून आत शिरणं त्याला परवडत नाही. मोठ्याला वाट आणि लहानाला मज्जाव, तोही निव्वळ अंतराच्या हिशेबावर. आमच्यातले कितीतरी जण ही रचना पाहूनच या विषयात आले.

अमायलॉइड म्हणजे काय?

प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींवर थर लावत जाऊन बनलेला चिवट तंतू. रुंदी साधारण १० नॅनोमीटर, लांबी कधीकधी काही मायक्रोमीटर. साखळ्यांचे पट्टे तंतूच्या लांबीला आडवे असतात आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर सुमारे ४.७ अँगस्ट्रॉम असतं (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). क्ष-किरणांच्या चित्रात हे अंतर आणि जवळपास १० अँगस्ट्रॉमचं दुसरं अंतर दिसलं की अमायलॉइडची खात्री पटते. मूळ प्रथिन कुठलंही असो, हा सांगाडा तोच. इन्सुलिन, लायसोझाइम, अल्फा-सिन्युक्लिन यांचं मूळ रूप एकमेकांशी अजिबात जुळत नाही, पण तंतू मात्र एकाच घराण्यातले वाटतात.

हे दोन विषय एकाच छताखाली का?

हा आमचा आवडता प्रश्न. अमायलॉइडच्या गोष्टीत पेशीपटल सुरुवातीलाही असतं आणि शेवटीही, हे त्याचं थोडक्यात उत्तर.

अल्झायमरमध्ये साचणारा अमायलॉइड-बीटा हा तुकडा एपीपी नावाच्या प्रथिनापासून येतो, आणि एपीपी स्वतः पेशीपटलात रुतलेलं असतं. आधी बीटा-सिक्रिटेज हा एन्झाइम त्याला बाहेरच्या बाजूनं कापतो. नंतर गॅमा-सिक्रिटेज दुसरा काप घेतो, तोही पेशीपटलाच्या मेदाच्या आत, जिथे पाणी जेमतेम पोचतं. हा दुसरा काप कुठे पडतो यावर तुकडा ४० अमिनो आम्लांचा होणार की ४२ चा, हे ठरतं. फरक फक्त दोन अमिनो आम्लांचा, पण ४२ वाला कितीतरी वेगानं तंतू बनवतो. गॅमा-सिक्रिटेजचाच भाग असलेल्या प्रेसेनिलिनमध्ये दोष असलेल्या कुटुंबांमध्ये अल्झायमर तरुण वयात येतो. म्हणजे रोगाचं एक मूळ थेट पेशीपटलातल्या एन्झाइममध्ये आहे.

पार्किन्सनशी जोडलेलं अल्फा-सिन्युक्लिन १४० अमिनो आम्लांचं. द्रावणात मोकळं असताना त्याला ठरावीक आकार नसतो. ऋण विद्युतभार असलेल्या मेदावर टेकलं की त्याचा पुढचा मोठा भाग सर्पिल होतो. इथे मेद आणि प्रथिन यांचं प्रमाण निर्णायक ठरतं. मेद भरपूर असेल तर प्रत्येक रेणूला ऐसपैस जागा मिळते, तो सर्पिल होऊन बसतो आणि तंतू जवळजवळ बनतच नाहीत. मेद कमी पडला की पृष्ठभागावर प्रथिनांची दाटी होते आणि तंतू बनण्याची सुरुवात उलट सोपी होते. एकच पटल, एकच प्रथिन, पण परिणाम दोन टोकांचे. "पेशीपटलामुळे गुठळ्या वाढतात की कमी होतात?" या प्रश्नाला आम्ही "प्रमाण काय घेतलंय?" असा उलट प्रश्न करतो तो म्हणूनच.

आणि शेवट. सूक्ष्मदर्शकात उठून दिसतात ते लांब तंतू. पण पेशीला जास्त इजा बहुधा त्याआधीच्या लहान पुंजांकडून होते. त्यांना ऑलिगोमर म्हणतात. ते पेशीपटलाला चिकटतात, त्यात शिरतात, त्याला गळकं करतात आणि पेशीत नको तेवढं कॅल्शियम घुसतं. ही गळती मोजायला आम्ही मेदाचे पोकळ गोळे बनवून त्यांत चमकणारा रंग भरतो. आत दाटीवाटीनं कोंडलेला रंग फारसा चमकत नाही. पटल फुटून तो बाहेर पसरला की चमक वाढते. तंतूंचे फोटो देखणे येतात आणि लेखांत तेच छापले जातात, पण आमच्या मते लक्ष या आधीच्या, अल्पजीवी टप्प्यावर असायला हवं. तिथे पेशीपटलाला वगळून केलेला प्रयोग अर्धवट राहतो.

अमायलॉइड नेहमी घातकच असतं का?

नाही. ई. कोलाय जिवाणू कर्ली नावाचे अमायलॉइड तंतू मुद्दाम विणतो आणि त्यांच्या आधारानं पृष्ठभागाला चिकटून वसाहत करतो. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन पीमेल१७ या प्रथिनाच्या अमायलॉइड चौकटीवर रचलं जातं. काही संप्रेरकं ग्रंथींमध्ये अमायलॉइडसारख्या रूपात साठवलेली असतात, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. अशा ठिकाणी तंतू कधी बनवायचा आणि कुठे, यावर पेशीचा ताबा असतो.

तंतू बनताना तुम्ही पाहता कसे?

रोजचा प्रयोग थायोफ्लेव्हिन टीचा. हा रंग मोकळा असताना मंद असतो आणि तंतूच्या खाचांत अडकला की ४४० नॅनोमीटरच्या प्रकाशात उत्तेजित होऊन ४८० च्या आसपास झळकतो. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रथिन आणि रंग भरायचे, वरून पारदर्शक पट्टी चिकटवायची, ३७ अंशांवर यंत्रात ठेवायचं आणि दर काही मिनिटांनी चमक नोंदवायची.

आलेख सुरुवातीला सपाट असतो. बराच वेळ काहीच घडत नाहीसं वाटतं. मग रेषा एकदम चढते आणि वर जाऊन पुन्हा सपाट होते. सुरुवातीच्या सपाट भागाला लॅग फेज म्हणतात, आणि विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच होतो. त्या काळात नळीत काहीच घडत नसतं, असं नाही. केंद्रकं, म्हणजे तंतूंची पहिली बीजं, तयार होत असतात, तंतू वाढतही असतात, फक्त त्यांची संख्या रंगाला जाणवण्याइतकी नसते. अमायलॉइड-बीटा ४२ मध्ये तर आधी बनलेल्या तंतूंच्या अंगावरच नवी केंद्रकं उगवतात. थोडे तंतू झाले की त्यांच्यामुळे आणखी झपाट्यानं होतात, आणि रेषा इतकी खडी चढते ती म्हणूनच. तयार तंतूंचे बारीक तुकडे आधीच टाकले, म्हणजे सीडिंग केलं, तर सपाट भाग जवळपास नाहीसा होतो.

पण एकट्या थायोफ्लेव्हिनवर भिस्त ठेवू नका. ऑलिगोमर त्याला फारसे दिसत नाहीत. शिवाय हळदीतल्या कर्क्युमिनसारखा स्वतःच रंगीत पदार्थ घातला की तो प्रकाश शोषून घेतो किंवा रंगाची जागा बळकावतो. चमक कमी होते आणि तंतू थांबल्याचा भास होतो. "अमुक पदार्थानं अमायलॉइड रोखलं" असे कितीतरी दावे या एका कारणानं कोसळतात. म्हणून त्याच नमुन्याचा थेंब जाळीवर घेऊन युरेनिल अ‍ॅसिटेटनं रंगवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचाच, हा आमच्याकडे नियम आहे. वर्तुळाकार द्विवर्णता, म्हणजे सीडी, हीसुद्धा जोडीला असते. प्रथिन प्रकाश कसा शोषतं यावरून ती घडीचा प्रकार सांगते. वर्णपटात २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दोन दऱ्या दिसल्या तर सर्पिल, २१८ च्या आसपास एकच दिसली तर पट्टेदार रचना.

एकाच प्रयोगाचे निकाल वेगवेगळे का येतात?

केंद्रक बनणं ही दुर्मिळ घटना असते आणि बारीकसारीक गोष्टी तिला ढकलतात. द्रावणातला बुडबुडा, म्हणजेच हवा आणि पाणी यांची सीमा. प्लेटचं प्लास्टिक. हलवण्याचा वेग. मिठाचं प्रमाण. आणि सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे सुरुवातीच्या नमुन्यात आधीच असलेले, डोळ्यांना न दिसणारे पुंज. म्हणून अमायलॉइड-बीटा आधी ग्वानिडिन या घडी मोडणाऱ्या रसायनात पूर्ण उलगडतात, लगेच स्तंभातून गाळून फक्त सुटे रेणू गोळा करतात, बर्फावर ठेवतात आणि त्याच दिवशी वापरतात. गोठवलेली जुनी नळी वितळवून सुरू केलेला प्रयोग आम्ही मोजणीत धरत नाही.

दुसऱ्या संशोधकांना आमची एकच कळकळीची विनंती आहे: प्लेटचा प्रकार, हलवण्याची पद्धत आणि नमुना कसा शुद्ध केला हे निबंधात लिहा. या तीन ओळी गाळल्यामुळे दोन प्रयोगशाळांचे प्रामाणिक निकाल एकमेकांच्या विरोधात उभे राहतात.

आल्फाफोल्ड आल्यावर या सगळ्याची गरज उरली का?

उरली. अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाच्या घडीचा अंदाज बांधणाऱ्या आल्फाफोल्ड या संगणक प्रणालीनं खरोखर क्रांती केली आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला साजेसंच आहे. आम्हीही नवीन प्रथिन हाती घेताना आधी तिथेच डोकावतो. पण आकारच नसलेल्या प्रथिनाबद्दल ते फार कमी सांगतं आणि वेगाबद्दल काहीच नाही. चॅनेल उघडायला किती वेळ लागतो, कोणत्या मेदात तंतू आधी फुटतो, हे मोजावंच लागतं.

क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीनं काय बदललं?

दोन्ही गटांचं आयुष्य. नमुना द्रव इथेनमध्ये बुडवून क्षणात गोठवतात. पाण्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही आणि प्रथिन जसंच्या तसं राहतं. २०१३ मध्ये टीआरपीव्ही१ या, उष्णता आणि मिरचीतलं कॅप्सेसिन ओळखणाऱ्या चॅनेलची रचना स्फटिक न बनवता ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत दिसली, आणि त्यानंतर पेशीपटलातल्या प्रथिनांच्या रचनांचा ओघ सुरू झाला.

अमायलॉइडच्या बाबतीत धक्का मोठा होता. २०१७ मध्ये अल्झायमर रुग्णाच्या मेंदूतून मिळवलेल्या, टाऊ या प्रथिनाच्या तंतूंची रचना आली. पाठोपाठ पिक रोग या दुसऱ्या स्मृतिभ्रंशातल्या टाऊची आली, ती वेगळी होती. म्हणजे प्रथिन तेच, रोग वेगळा आणि घडीही वेगळी. त्याहून अस्वस्थ करणारी बाब अशी की हेपॅरिन हे रसायन घालून नळीत बनवलेले टाऊ तंतू मेंदूतल्या तंतूंशी जुळेनात. तेव्हापासून आमच्या बैठकीत कुणी तंतूंचे निकाल मांडले की पहिला प्रश्न "ही घडी रोगातलीच आहे का?" असा येतो.

२०२४ मध्ये एक गाजलेला निबंध मागे घेतला गेला. मग अमायलॉइडचं सगळंच खोटं का?

नाही. मागे घेतलेला २००६ चा निबंध अमायलॉइड-बीटाच्या एका विशिष्ट ऑलिगोमरबद्दल होता आणि त्यातल्या प्रतिमांमध्ये फेरफार झाल्याचं समोर आलं. हे गंभीर आहे. तो निबंध प्रमाण मानून ज्यांनी वर्षं घालवली त्यांचं नुकसान खरं आहे. पण एपीपी आणि प्रेसेनिलिनच्या जनुकांमधले दोष, मेंदूतल्या तंतूंच्या रचना, वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मोजलेले वेग, यांतलं काहीच त्या निबंधावर उभं नाही. मूळ आकडेवारी आणि न कापलेल्या प्रतिमा उघड ठेवणं, हा यावरचा उपाय आम्ही पाळतो.

औषधं निघाली का?

काही निघाली आहेत. सर्वांत समाधानाचं उदाहरण ट्रान्सथायरेटिनचं. हे प्रथिन चार भागांचं असतं, आणि भाग सुटे झाले की त्यांचे तंतू बनून हृदयात आणि मज्जातंतूंमध्ये साचतात. टॅफॅमिडिस हे औषध चारही भाग एकत्र धरून ठेवतं. घडी आणि स्थिरता यांच्या मूलभूत अभ्यासातून सरळ निघालेलं औषध आहे ते.

अल्झायमरमध्ये लेकानेमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. १८ महिन्यांच्या चाचणीत आजार बळावण्याचा वेग औषध न मिळालेल्या गटापेक्षा २७ टक्क्यांनी कमी दिसला. मात्र १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता, आणि काही रुग्णांच्या मेंदूत सूज किंवा रक्तस्राव आढळला. गेलेली स्मृती त्यानं परत येत नाही. ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी आहे.

हे तंतू संसर्गजन्य असतात का?

प्रायॉन, म्हणजे आपली बिघडलेली घडी दुसऱ्या प्रथिनांवर लादणारी प्रथिनं, नक्कीच असतात, आणि त्यांचं काम आमच्याकडे होत नाही. अल्झायमर किंवा पार्किन्सन रुग्णाच्या सहवासानं, स्पर्शानं, शुश्रूषेनं पसरत नाहीत. निर्धास्तपणे जवळ बसा, हात धरा. मृतदेहातून काढलेल्या वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं पूर्वी दिली जात. त्यांतून अमायलॉइड-बीटाची बीजं काही जणांमध्ये गेल्याचे पुरावे आहेत, पण ती पद्धत बहुतेक ठिकाणी १९८५ च्या सुमारास बंद झाली.

प्रयोगशाळेत मात्र आम्ही सावध असतो. तंतूंवर ध्वनिलहरी सोडून तुकडे करताना बारीक तुषार उडतात, म्हणून ते काम झाकण लावून आणि बंदिस्त जागेत होतं. टेबल नुसत्या अल्कोहोलनं पुसून भागत नाही. एसडीएससारखा कडक डिटर्जंट लागतो.

रुग्णाचं रक्त पाठवलं तर तपासून द्याल का?

नाही, आणि कृपया पाठवू नका. आमची उपकरणं निदानासाठी प्रमाणित नाहीत. आमच्या आकड्यावर कुणी उपचार ठरवले तर अपाय होऊ शकतो. निदानासाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. स्मृतिभ्रंशासारखी लक्षणं थायरॉइडचा बिघाड, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही दिसतात, आणि त्यांवर इलाज आहेत. त्यामुळे "वय झालं" म्हणून तपासणी टाळू नका.

विद्यार्थी म्हणून यायचं असेल तर काय शिकून यावं?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, कुठूनही या. भौतिकशास्त्राची मुलं आलेख पटकन जुळवतात आणि पिपेट धरताना अडखळतात. जीवशास्त्राच्या मुलांचं नेमकं उलटं असतं. सहा महिन्यांत दोघंही बरोबरीला येतात. थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल तर उत्तम. सुरुवातीचा बराच काळ प्रथिन शुद्ध करण्यात जाईल, याची तयारी हवी. अर्जासोबत गुणपत्रिकेपेक्षा एक पान जास्त उपयोगी पडतं: तुम्ही केलेला कुठलाही एक प्रयोग, त्यात काय अपेक्षित होतं, काय आलं, आणि फरक का पडला असावा याबद्दलचा तुमचा तर्क. प्रयोग छोटा असला तरी चालेल.